सतरा वर्षांनंतर पुन्हा गणित : तयारी कुठून सुरू करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : शाळेतले शेवटचे गणित सोडवून सतरा वर्षे झाली, मधल्या काळात नोकरीत बेरीज-वजाबाकी आणि टक्केवारी यांपलीकडे काही लागले नाही, आणि आता सहा महिन्यांनी सुरू होणाऱ्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्याच सत्रात कलनशास्त्र (कॅल्क्युलस) आहे. तयारी म्हणून तुम्ही कलनशास्त्राचे पाठ्यपुस्तक आणले, त्याची पहिली दोन प्रकरणे वाचून काढली, तिसऱ्या प्रकरणातली उदाहरणे हाताने सोडवायला घेतली आणि तिथे अडकलात. वाचताना सगळे समजत होते, सोडवताना मात्र एकही उत्तर जुळले नाही, तेव्हा डोके आता पूर्वीसारखे चालत नाही की काय, अशी शंका तुम्ही शेवटी विचारली आहे.

मी गेली बावीस वर्षे पदवीच्या पहिल्या वर्षाला गणित शिकवते आहे आणि त्यांपैकी बराच काळ नोकरी, संसार सांभाळून पुन्हा शिकायला आलेल्या मंडळींची तयारी करून घेण्यात गेला आहे. त्या अनुभवावरून सांगते की तुमचे डोके जागेवर आहे, फक्त ते पुस्तक तूर्त मिटून ठेवा. तुम्ही कलनशास्त्रात अडलेलाच नाहीत. तिसऱ्या प्रकरणातले एक नेहमीचे उदाहरण घेऊन हे दाखवते.

समजा, १/क्ष या फलाचा (फंक्शनचा) विकलज, म्हणजे त्याच्या आलेखाचा चढ सांगणारे डेरिव्हेटिव्ह, व्याख्येवरून काढायचा आहे. व्याख्या एवढेच सांगते की क्षच्या जागी क्ष + ह ठेवा, त्यातून मूळचे फल वजा करा, आलेल्या वजाबाकीला ह ने भागा आणि ह शून्याच्या जवळ जवळ जात असताना काय उरते ते पाहा. पहिल्या ओळीत म्हणून १/(क्ष + ह) − १/क्ष ही वजाबाकी येते आणि तिला ह ने भागायचे असते. दुसऱ्या ओळीत या दोन अपूर्णांकांचे छेद समान करावे लागतात. समान छेद क्ष(क्ष + ह) आणि अंश क्ष − (क्ष + ह). तिसऱ्या ओळीत तो अंश −ह होतो. चौथ्या ओळीत −ह/[क्ष(क्ष + ह)] या अपूर्णांकाला ह ने भागायचे, म्हणजे ह छेदात न्यायचा आणि मग वरचा-खालचा ह कापायचा. उरते −१/[क्ष(क्ष + ह)]. पाचव्या ओळीत ह शून्याकडे जातो आणि उत्तर −१/क्ष² असे येते.

आता या पाच ओळी पुन्हा पाहा. कलनशास्त्र केवळ पहिल्या आणि शेवटच्या ओळीत आहे, आणि त्या दोन ओळी तुम्हाला कळलेल्या आहेत, कारण त्या वाचूनच कळतात. मधल्या तीन ओळींत आहे अपूर्णांकांची वजाबाकी, वजा चिन्हामागचा कंस सोडवणे आणि अपूर्णांकाला भागणे. ही सगळी बारा ते चौदा वर्षांच्या मुलांची गणिते आहेत, आणि परत आलेल्या माणसाचे उत्तर जवळजवळ नेहमी तिथेच चुकते. क्ष − (क्ष + ह) हे घाईत क्ष − क्ष + ह असे लिहिले जाते, अंश −ह ऐवजी ह होतो आणि शेवटी +१/क्ष² असे उत्तर येते. किंवा ह ने भागताना तो छेदाऐवजी अंशात जातो आणि मग ह कापलाच जात नाही, म्हणून ह शून्याकडे गेल्यावर सगळे उत्तरच शून्य होऊन बसते. चूक चौदाव्या वर्षीच्या गणितातली असते, पण ती कलनशास्त्राच्या पानावर घडते, म्हणून माणूस समजतो की कलनशास्त्र आपल्या आवाक्याबाहेरचे आहे.

पुस्तक मिटून ठेवायचे ते यासाठी. सहा महिन्यांपैकी पहिले चार महिने फक्त मधल्या ओळींना द्या. हे ऐकून बहुतेकांना कमीपणा वाटतो, त्यामुळे ते अपूर्णांकांचे प्रकरण एका संध्याकाळी उरकून पुढे जातात आणि सत्राच्या सहाव्या आठवड्यात माझ्यासमोर येऊन बसतात. तुम्ही तसे करू नका.

विसरण्याबद्दल दोन शब्द. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचे, अशी त्याची पद्धत होती. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो आणि नंतर मंदावतो, हा त्यातला निष्कर्ष सर्वांना माहीत असतो. तुमच्या कामाचा आहे तो दुसरा : जे साफ विसरले गेले असे वाटते, तेही पुन्हा शिकताना पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. माझ्याकडे येणाऱ्यांचा पहिला पंधरवडा भयंकर जातो आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकेक गोष्ट आपण होऊन परत येऊ लागते. त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या वेगावरून सहा महिन्यांचा हिशोब मांडून हताश होऊ नका. जे तेव्हाच नीट शिकलेले नव्हते ते मात्र परत येणार नाही. ते नव्यानेच शिकावे लागेल, आणि कोणते काय आहे हे चाचणीशिवाय कळत नाही.

चाचणीसाठी कोरा कागद, पेन आणि एक तास एवढेच घ्या. कॅलक्युलेटर बाजूला ठेवा. ५/६ − ३/८ सोडवा. ७ − २(क्ष − ३) चा कंस सोडवून सरळ रूप द्या. −३² आणि (−३)² यांत फरक आहे का ते लिहा. २क्ष + ५ = ५क्ष − ७ सोडवा. क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव पाडा. ८ चा घातांक २/३ असेल तर किंमत किती, हे सांगा. (२, ३) आणि (६, ११) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ आणि तिचे समीकरण काढा. क्ष² + ६क्ष + ४ = ० हे समीकरण सूत्र न वापरता, पूर्ण वर्ग करून सोडवा. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष असेल तर फ(क्ष + ह) पूर्ण विस्तारून लिहा. १०० चा दहा पायाचा लॉगरिदम किती आणि का, ते एका वाक्यात लिहा. ३० अंशांचे रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) करा. एवढे पुरे.

तपासताना बरोबर-चूक एवढेच मांडू नका. प्रत्येक उत्तरासमोर ते हाताने आपोआप आले, थांबून विचार करून आले, की आलेच नाही, अशी नोंद करा. जे आलेच नाही ते तुम्हाला ठाऊकच असते आणि त्यावर तुम्ही मेहनत घेताच. खरा धोका मधल्या गटाचा आहे, कारण ते 'येते' म्हणून माणूस सोडून देतो. अपूर्णांकांच्या वजाबाकीला तुम्हाला अर्धा मिनिट थांबावे लागत असेल, तर विकलजाच्या उदाहरणात त्या अर्ध्या मिनिटात मूळ प्रश्न काय होता हेच डोक्यातून निसटते. मधल्या ओळी हाताने चालल्या तरच डोके पहिल्या आणि शेवटच्या ओळीकडे लक्ष देऊ शकते.

आता बीजगणितातल्या त्या जागा, जिथे सगळ्यात जास्त पडझड असते आणि जिथे मी सर्वाधिक वेळ घालवते.

पहिली जागा बरोबरचे चिन्ह. शाळेत आपल्याला 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' असे शिकवले गेले. सतरा वर्षांनंतर कारण विसरलेले असते आणि घोषवाक्य तेवढे उरलेले असते, त्यामुळे ३क्ष = १२ मध्ये ३ 'पलीकडे नेला' की क्ष = १२ − ३ = ९ असे लिहिणारी शहाणीसुरती, आपल्या कामात अत्यंत चोख असलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून पहिले चार आठवडे हे वाक्य पूर्ण वर्ज्य करा. दोन्ही बाजूंना मी काय केले, हे प्रत्येक ओळीच्या उजवीकडे लिहा : 'दोन्ही बाजूंतून ५ वजा', 'दोन्ही बाजूंना ३ ने भाग'. ही काही माझी नवी युक्ती नाही. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने समीकरणे सोडवण्याच्या ज्या दोन मुख्य क्रिया सांगितल्या, त्यांपैकी 'अल-जब्र' म्हणजे वजा असलेले पद दोन्ही बाजूंना मिळवून ते भरून काढणे, आणि त्याच शब्दावरून युरोपीय भाषांतले 'अल्जिब्रा' हे नाव आले. पद कुठेही उडी मारून जात नाही. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट केली जाते. त्याच ओघात आणखी एक सवय मोडा : ५ + ३ = ८ × २ = १६ असे साखळीने लिहिणे. ५ + ३ म्हणजे १६ नव्हे. तोंडी हिशोबात हे खपून जाते, पण कलनशास्त्रात एका ओळीचे दुसरीशी काय नाते आहे हेच सिद्ध करायचे असते, तेव्हा अशी ओळ वाचणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला दोघांनाही फसवते.

दुसरी जागा म्हणजे नसलेले नियम. (क + ख)² म्हणजे क² + ख², क² + ख² चे वर्गमूळ म्हणजे क + ख, (क्ष + ६)/६ मधले सहा कापून उरले क्ष, बेरजेचा लॉगरिदम म्हणजे लॉगरिदमांची बेरीज, हे सगळे डोळ्यांना फार गोड वाटते आणि सगळे चूक आहे. यांवर पाठांतराचा उपाय चालत नाही, कारण परीक्षेत पाठ केलेला नियम आणि गोड वाटणारा नियम यांत गोड वाटणारा आधी हाताशी येतो. उपाय एकच : शंका आली की चलाच्या जागी आकडा ठेवून पाहा. ३ आणि ४ घ्या. (३ + ४)² म्हणजे ४९, आणि ३² + ४² म्हणजे २५. ९ + १६ चे वर्गमूळ ५, ७ नव्हे. दहा सेकंदांत निकाल लागतो आणि कुणाला विचारावे लागत नाही.

मात्र आकडा निवडायचीही एक रीत आहे, आणि ती मला एका विद्यार्थिनीच्या वहीने शिकवली. तिने चाचणीतल्या ७ − २(क्ष − ३) चे ५(क्ष − ३) केले होते, म्हणजे सातातून दोन आधीच वजा करून टाकले होते. तरी पडताळा करून तिने समोर बरोबरची खूण केली होती. तिने क्ष = ४ घेतला होता. मूळ राशी ७ − २ × १ = ५, तिचे उत्तर ५ × १ = ५. जुळले! खरे रूप १३ − २क्ष आहे आणि तेही ४ ला ५ च देते, कारण १३ − २क्ष आणि ५क्ष − १५ या दोन रेषा नेमक्या क्ष = ४ लाच एकमेकींना छेदतात. तिने ५ घेतला असता तर मूळ राशी ३ आणि तिचे उत्तर १० आले असते आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती. तेव्हापासून मी सांगते की पडताळा दोन आकड्यांनी करा, आणि ०, १, २ हे आकडे टाळा, कारण शून्य आणि एक पुष्कळ चुका पोटात घालतात आणि २ च्या बाबतीत २ + २, २ × २ आणि २² हे तिन्ही सारखेच येतात. त्या मुलीला 'दुर्दैव' म्हणून मी हे सांगितले नाही. एका बिंदूवर जुळणे म्हणजे सगळीकडे जुळणे नव्हे, हे तिला त्या दिवशी समजले, आणि पुढे सत्रात 'समीकरण' आणि 'नित्यसमानता' (चलाच्या प्रत्येक किमतीला खरी ठरणारी समानता) यांतला फरक तिला वेगळा शिकवावा लागला नाही.

तिसरी जागा घातांकांची, आणि ती लवकर सावरते. ऋण घातांक म्हणजे ऋण संख्या नव्हे, छेद. अपूर्णांक घातांक म्हणजे मूळ. शून्य घातांक म्हणजे १. यांतले ऋण आणि शून्य घातांकाचे नियम घोकण्याऐवजी एकदा ८, ४, २, १, १/२, १/४ अशी दोनाच्या घातांची उतरंड मांडून पाहा, म्हणजे ते का तसे आहेत ते दिसेल. कलनशास्त्रात √क्ष आणि १/क्ष² या दोन्हींना घातांकाच्या रूपात लिहिता येणे रोजच लागते.

त्यानंतर रेषा आणि तिचा चढ, वर्गसमीकरणे, आणि मग फल, ज्याला वर्गात सर्रास फंक्शन म्हणतात. फलावर थोडे थांबा. शाळेत आपण फ(क्ष) हे एका सूत्राचे नाव म्हणून शिकलेले असतो, आणि म्हणून फ(क्ष + ह) लिहायची वेळ आली की माणूस फ(क्ष) + ह लिहून मोकळा होतो. फ हे यंत्र समजा. कंसात जे टाकाल ते सगळेच्या सगळे, कंसासकट, सूत्रातल्या प्रत्येक क्षच्या जागी बसते. फ(क्ष) = क्ष² − ३क्ष मध्ये क्ष + ह टाकला की (क्ष + ह)² − ३(क्ष + ह) येते आणि विस्तारल्यावर क्ष² + २क्षह + ह² − ३क्ष − ३ह. हे एक उदाहरण न अडखळता जमले तर विकलजाच्या व्याख्येची निम्मी भीती संपते.

आलेख हाताने काढा. क्ष, क्ष², क्ष³, १/क्ष, √क्ष, २ चा क्ष घात आणि साइन एवढ्या सात फलांचे आलेख डोळे मिटून दिसले पाहिजेत. वरच्या उदाहरणात +१/क्ष² असे चुकीचे उत्तर आलेल्या माणसाला जर १/क्षचा आलेख डोळ्यांसमोर आला असता, तर तो शून्याच्या उजवीकडे सतत खाली उतरतो, म्हणजे चढ ऋणच असला पाहिजे, हे त्याच्या लक्षात आले असते.

त्रिकोणमितीतली लांबलचक सूत्रे सोडून द्या. त्यांतली जी लागतील ती त्या वेळी पाहता येतील. एकक वर्तुळ (त्रिज्या १ असलेले वर्तुळ) मात्र पक्के करा आणि अंशांऐवजी रेडियनमध्ये विचार करण्याची सवय लावा. कलनशास्त्रात रेडियनचा आग्रह कशासाठी, असे मला दर वर्षी विचारले जाते. साइनचा विकलज कोसाइन हे सुटसुटीत नाते कोन रेडियनमध्ये मोजला तरच खरे आहे. अंश वापरले तर प्रत्येक वेळी पाय भागिले १८० हा गुणक मागे लागतो. आणि कॅलक्युलेटर कोणत्या एककावर लावला आहे ते बघत चला. साइन ३० चे उत्तर ०.५ ऐवजी −०.९८८ आले, तर यंत्र बिघडलेले नाही, ते तीस रेडियनचे उत्तर देते आहे.

काय सोडावे हेही महत्त्वाचे, कारण सहा महिने फार नव्हेत. भूमितीतली प्रमेये सिद्धतांसह पाठ करणे, हाताने वर्गमूळ काढणे, मोठमोठे भागाकार यांना हात लावू नका. अभ्यासक्रमाची नेमकी रूपरेषा आणि आधीच्या एक-दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवा आणि त्यांवरून ठरवा. पहिल्या सत्रात संख्याशास्त्र असते तर मी त्रिकोणमितीऐवजी बेरजेचे सिग्मा चिन्ह, लॉगरिदम आणि संभाव्यता सांगितली असती. रेषीय बीजगणित असते तर एकसामयिक समीकरणांवर महिनाभर घालवायला लावला असता. तुमच्यासमोर कलनशास्त्र आहे, म्हणून वरचा क्रम.

रोजच्या सरावाबद्दल. आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास हे रविवारी एका बैठकीत चार तास करण्यापेक्षा पुष्कळ चांगले, आणि नोकरी करणाऱ्याला झेपणारेही. त्या पाऊण तासात वाचन दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. तुम्ही लिहिले आहे की वाचताना सगळे समजत होते. ते खरेच आहे, पण ओळखीचे वाटणे आणि स्वतः मांडता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला किंवा एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर आठवून लिहिणारे. तो प्रयोग गद्य उताऱ्यांचा होता, गणिताचा नव्हे, पण माझ्या वर्गातला अनुभव त्याच्याशी तंतोतंत जुळतो. सोडवून दाखवलेले उदाहरण म्हणूनच कोऱ्या कागदाने झाकून वाचा : प्रश्न वाचा, पहिली ओळ स्वतः लिहा, मग कागद एक ओळ खाली सरकवा आणि ताडून पाहा.

पाठ्यपुस्तकाच्या मांडणीत आणखी एक अडचण असते. प्रकरण अवयव पाडण्याचे असते तेव्हा त्यातली वीसही उदाहरणे अवयव पाडण्याचीच असतात, त्यामुळे इथे काय करायचे हा निर्णय तुमच्यासाठी पुस्तकानेच घेतलेला असतो. परीक्षेत तो तुम्हाला घ्यावा लागतो. रोहरर आणि टेलर यांनी २००७ मध्ये घन आकृत्यांच्या घनफळांवर घेतलेला प्रयोग मी प्रत्येक तुकडीला सांगते : एका गटाने एकेका प्रकारची उदाहरणे सलग सोडवली, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर होती आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र सलगवाले २० टक्क्यांवर आले आणि मिसळवाले ६३ वर राहिले. म्हणजे सराव चांगला चालला आहे असे वाटणे हे फारसे भरवशाचे लक्षण नाही. तिसऱ्या आठवड्यापासून रोजची अर्धी उदाहरणे मागच्या वेगवेगळ्या प्रकरणांतून, क्रम विस्कटून घ्या. बोचेल, उत्तरे चुकतील, चुकू द्या.

चुकांसाठी वेगळी वही करा. चुकलेले उदाहरण पूर्ण पुन्हा लिहू नका. नेमकी कोणती ओळ चुकली, तिथे काय लिहिले होते आणि काय हवे होते, एवढेच दोन ओळींत लिहा आणि तारीख घाला. 'निष्काळजीपणा' हा शब्द या वहीत लिहायचा नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने तीन आठवडे सगळ्या चुका निष्काळजीपणाच्या खात्यावर टाकल्या होत्या. ओळीगणिक नोंद सुरू केल्यावर दिसले की त्यांतल्या निम्म्याहून अधिक चुका वजा चिन्हामागच्या कंसाच्या होत्या. एकच चूक तो पुनःपुन्हा करत होता. त्याने वजा चिन्हानंतरचा कंस लगेच न सोडवता एक ओळ जास्तीची लिहायला सुरुवात केली आणि महिन्याभरात ती चूक जवळपास थांबली. फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर देणारी साधने हल्ली प्रत्येकाच्या हाती आहेत. ती तुमची ओळ ताडून पाहायला वापरा, पण तुमची ओळ कागदावर उमटल्यानंतरच.

भीतीबद्दल तुम्ही थेट काही लिहिलेले नाही, पण 'डोके चालत नाही' या शब्दांमागे ती मला दिसते. ॲशक्राफ्ट आणि कर्क यांच्या २००१ च्या संशोधनात असे दिसले की ज्यांना गणिताची धास्ती जास्त, त्यांना काही अक्षरे लक्षात ठेवून त्याच वेळी हातच्याची बेरीज करायला लावली की त्यांच्या चुका विशेष वाढतात; धास्ती ही मनातल्या त्या मोजक्या जागेतच बसते, जिथे हातचा ठेवायचा असतो. स्वतःला धीर देण्याने ही जागा फारशी मोकळी होत नाही. लहान क्रिया हाताने चालू लागल्या की त्यांना ती जागा लागतच नाही, आणि हाच माझ्या पाहण्यातला सर्वांत खात्रीचा उतारा आहे. घड्याळ लावून सराव शेवटच्या महिन्यातच करा, आधी नको. मी स्वतः काही वर्षे प्रशासकीय कामात घालवून वर्गावर परतले, तेव्हा आंशिक अपूर्णांकांचे एक साधे उदाहरण फळ्यावर अर्ध्यात अडले होते आणि साठ जोडी डोळ्यांसमोर मला ते पुसून पुन्हा मांडावे लागले. त्या रात्री मी पहिल्या वर्षाचा संच काढून बसले होते, म्हणून हे सांगते आहे.

वयाचा फायदाही आहे. अठरा वर्षांचा मुलगा प्रश्न अर्धा वाचून सूत्र शोधू लागतो; तुम्ही तो पूर्ण वाचता, काय दिले आहे आणि काय विचारले आहे हे वेगळे करता, आणि 'असे का?' हे विचारायला लाजत नाही. त्या 'का'चे उत्तर देणारे माणूस आधीच शोधून ठेवा. महाविद्यालयात शंकानिरसनाचे तास असतील तर पहिल्याच आठवड्यापासून जा, अडल्यावर जाण्याची वाट पाहू नका. प्रवेशाच्या वेळी पूर्वपरीक्षा घेऊन पूर्वतयारीचा वर्ग सुचवला गेला, आणि चार महिन्यांनंतरही वरच्या चाचणीतली तीनपेक्षा जास्त उत्तरे 'थांबून विचार करून' याच गटात राहिली असतील, तर तो वर्ग घ्या. एक सत्र उशीर होतो, पण मध्येच विषय सोडून देण्यापेक्षा तो उशीर पुष्कळ स्वस्त पडतो.

चौथ्या महिन्याच्या शेवटी कोरा कागद घ्या आणि १/क्षचा विकलज, हे उत्तर न पाहता, व्याख्येवरून काढा. पाचही ओळी सलग उतरल्या तर मिटलेले पुस्तक उघडा आणि तिसऱ्या प्रकरणापासून पुढे चला. उरलेले दोन महिने त्याचेच. अडलात तर कोणत्या ओळीला अडलात ते चुकांच्या वहीत तारखेसह लिहा, त्या ओळीच्या प्रकरणावर आणखी एक आठवडा घालवा आणि मग दुसरे उदाहरण घ्या : १/(क्ष + २).